बोलण्याखालची गुणगुण

ज्या वर्षी आमच्या पणतीचे, किनांतीचे, पाय पहिल्यांदा जमिनीला लावले, ते वर्ष राखेचं होतं. जावा बेटावरचा केलुद ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख वाऱ्याबरोबर आमच्या क्लातेनपर्यंत आली. कौलं, केळी, कोंबड्या, सगळं एका रंगाचं झालं. अंगण तीनदा धुतलं तरी चौथ्यांदा झाडलं की राख निघायचीच. पोरगी आठ महिन्यांची झाली तेव्हा कुठे अंगण पाय टेकवण्याजोगं झालं.

सात रंगांच्या चिकट भातावरून तिला चालवलं, उसाच्या शिडीवर चढवलं आणि रीतीप्रमाणे कोंबड्यांच्या मोठ्या डालग्याखाली बसवलं. तिच्यासमोर तांदूळ, कंगवा, वही, सोन्याची अंगठी ठेवली होती. मी माझ्या गेंदेर या वाद्याची एक टिपरी ठेवली. पोर ज्याला हात घालील ते तिचं पुढचं आयुष्य. किनांतीने यातल्या कशाकडे पाहिलं नाही. चटईखालून एक काळी वायर स्पीकरकडे गेली होती, ती तिने ओढून काढली आणि तोंडात घातली.

सगळे हसले. सगळ्यात जास्त हसला तो हेंद्रो, कारण वायर त्याची होती. म्हणाला, "म्बाह, तुमची पणती साऊंडवाली होणार." म्बाह म्हणजे आजी. मी पोरीच्या तोंडातून वायर काढली. त्या वायरीला राखेचा, तेलाचा आणि कुणाच्या तरी पायाचा वास येत होता. तो वास माझ्या बोटांना संध्याकाळपर्यंत राहिला.

हेंद्रोला आणला होता आमच्या मुलाने, युवोनोने. हेंद्रो सोलो शहराकडचा. लग्नांत आणि निवडणुकांत स्पीकर लावायचा. पोटाला नेहमी किल्ल्यांचा जुडगा, खिशात टेस्टर. माणूस वाईट नव्हता. मला तो आवडत नसे, एवढंच.

माझा नवरा अत्मो सुतिक्नो दालांग होता. पडद्यामागे दिवा लावून कातड्याच्या बाहुल्या नाचवायच्या, देव, राक्षस, राजे, विदूषक, सगळ्यांचं एकट्याने बोलायचं, मधे पदं गायची आणि पायाने, हाताने ठोके देऊन गामेलान, म्हणजे अख्खा वाद्यवृंद चालवायचा, हे त्याचं काम. मी त्यांना 'पाक्ने' म्हणायची, म्हणजे पोरांचा बाप. ते मला 'म्बोक्ने' म्हणायचे, पोरांची आई. बावन्न वर्षं मी त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर बसून गेंदेर वाजवलं.

गेंदेर हे गामेलानमधलं अगदी हळू बोलणारं वाद्य. दोरीवर टांगलेल्या काशाच्या पातळ पट्ट्या, खाली नळ्या, आणि कापड गुंडाळलेल्या दोन गोल टिपऱ्या. दालांग गातो तेव्हा त्याच्याखाली पुष्कळ वाद्यं असतात. तो बोलतो तेव्हा मात्र त्याच्याखाली एकटं गेंदेर असतं. भात शिजताना झाकण हलतं तसं, मागे मागे, कुणी मुद्दाम ऐकत नाही असं. दालांग भीमाचं बोलतो, अर्जुनाचं बोलतो, आणि बोलता बोलता एकदम त्याला पद उचलायचं असतं. तेव्हा तो सूर शोधायला कुठे जाणार? तो सूर त्याच्या पाठीमागे कुणीतरी धरून बसलेलं असतं. म्हणून आमच्यात दालांगाचं गेंदेर त्याची बायको वाजवायची, नाहीतर बहीण, नाहीतर आई. नवरा कधी दमला आहे, कधी रागावला आहे, आज सूर अर्धा खाली बसणार की नाही, हे तिला सकाळी त्याच्या खोकल्यावरूनच कळतं. सासूबाई मला बघायला आल्या तेव्हा त्यांनी माझा चेहरा नंतर पाहिला, मनगटं आधी पाहिली.

किनांती सूर्य बुडता बुडता जन्मलेली. अशा वेळी आलेलं मूल काळाच्या वाट्याचं असतं, काळ त्याला आपला घास समजतो. त्याला सोडवायचं तर दिवसाउजेडी रुवातानचा खेळ करायचा. दालांग काळाशी बोलतो, त्याला त्याचंच जन्मकूळ वाचून दाखवतो आणि मूल सोडवून घेतो. हे कुणीही करून चालत नाही. बापापासून मुलाकडे हक्क आला असेल तोच करतो. आमच्या भागात असे दोनच उरले होते. एक अंथरुणाला खिळलेले, आणि दुसरे आमचे पाक्ने, वय एकोणऐंशी, डावा कान गेलेला.

युवोनोने ठरवलं की बापाचा हा रुवातान ध्वनिमुद्रित करायचा. एका संस्थेने होकार दिला होता. ते मुद्रण आणि सुरांची लिखावट दोन्ही संग्रहात ठेवणार होते, म्हणजे पुढच्या मुलांना त्यावरून शिकता येईल. हे ऐकून मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पाक्ने हे पुन्हा करणार नव्हते. त्यांच्या गुडघ्यांनी तसं सांगून टाकलं होतं. त्यांचा आवाज जसा होता तसा कुठेतरी राहावा, एवढंच मला हवं होतं. सुंदर करून नको. जसा होता तसा.

ओट्यावर बैठक बसली. मी चहा आणि तळलेलं तेम्पे ठेवलं. हेंद्रो, युवोनो आणि वेनिंग नावाची कला विद्यालयातून नुकतीच पदवी घेतलेली मुलगी. वेनिंग गेंदेर शिकलेली होती आणि लिखावट तीच करणार होती. तिने लॅपटॉप उघडून दाखवला. आमच्या सुरांचे आकडे त्यावर रांगेत उभे होते, एक, दोन, तीन, पाच, सहा. खालून वरून टिंबं, रेघा. मी पन्नाशीनंतर गावच्या वर्गात अक्षरं शिकले. बाईंनी फळ्यावर चार लिहिला तेव्हा मी म्हटलं होतं, हा कशाला, गेंदेरवर चारची पट्टीच नाही. त्यामुळे वेनिंगची पानं मला वाचता आली आणि थोडा अभिमानही वाटला.

मग तिने एक कळ दाबली आणि लॅपटॉप ते आकडे वाजवू लागला. पत्र्याच्या डब्यात कुणी एकेक दात टाकावा तसा आवाज. आणि सूरही आमचे नव्हते. प्रत्येक गामेलानचा सूर त्याचा त्याचा असतो. पलीकडच्या गावच्या पट्ट्या आमच्याकडे बसवल्या तर कुत्री भुंकतील. या लॅपटॉपचा सूर तर कुठल्याच गावचा नव्हता.

"हे फक्त कळण्यापुरतं आहे, म्बाह," वेनिंग म्हणाली. तिला माझं तोंड दिसलं असावं.

हेंद्रोची पाळी आली. प्रत्येक वाद्याला एक माईक, असं तो म्हणाला. मग त्याने यंत्रातल्या दाराची गोष्ट सांगितली. माईकमागे एक दार असतं. आवाज ठरलेल्या पातळीच्या वर गेला की दार उघडतं, खाली असला की बंद. त्यामुळे पंखा, किडे, खोकला, चटयांची खसखस काही आत येत नाही. "एकदम स्वच्छ," तो म्हणाला. हा शब्द त्या दिवशी मी बारा वेळा ऐकला. आमचं घर काय घाण होतं?

पाक्ने सगळ्याला "बरं, बरं" म्हणत राहिले. आमच्या जावा बेटावर 'बरं' तीन प्रकारचं असतं. एक होकाराचं, एक 'ऐकलं' एवढंच सांगणारं, आणि एक 'तू बोलून घे, मी माझंच करणार' असं. म्हाताऱ्या माणसाचं बरं कुठल्या प्रकारचं आहे हे ओळखणं लहानांचं काम. युवोनो पन्नाशीचा झाला तरी त्याला ते कधी जमलं नाही.

वेनिंग पुढचे चार आठवडे माझ्याकडे येत होती. मी वाजवायची, ती लिहून घ्यायची. पोरगी कष्टाळू. एकेक पद तिने तीन तीनदा वाजवून घेतलं. पाक्नेंच्या बोलण्याची जागा आली की ती विचारायची, "इथे तुम्ही काय वाजवता?"

मी सांगायची, "त्यांना लागेल ते."

"कोणते सूर?"

"त्यांचा आवाज कुठे बसलाय त्यावर आहे."

ती लॅपटॉपकडे वळायची. मग त्या ओळीत टिंबं भरायची. टिंब म्हणजे तिथे काही नवीन ठोकायचं नाही. पानंच्या पानं अशी टिंबांची झाली. ती मी पाहिली. छापून आणली तेव्हाही पाहिली. आणि गप्प बसले. टिंबं बघून माझ्या मनात आलं, बरोबर आहे, ते लिहायचं नसतंच, ते ज्याचं त्याला माहीत असतं. चुलीजवळ लाकडं ठेवा असं कुणी पाककृतीत लिहितं का? दालांग बोलतोय आणि मागे कुणी गुणगुणत नाही असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून पोरीला तोंडाने सांगायचं राहिलं. पुढे जे झालं त्यात हेंद्रोचा दोष मी पुष्कळ काढला, युवोनोचाही काढला. हा माझा होता.

खेळाच्या पाच दिवस आधी युवोनो स्वयंपाकघरात आला. आधी आलं सोलायला मदत केली. कधी करत नाही. मग म्हणाला, संस्थेचं म्हणणं आहे की लिखावट आणि मुद्रण जुळलं पाहिजे, म्हणून गेंदेर वेनिंगने वाजवावं, पान समोर ठेवून. मी वाजवलं तर पानाशी जुळणार नाही, कारण मी दर वेळी वेगळं वाजवते.

"दर वेळी तुझा बाप वेगळा असतो," मी म्हटलं.

"म्बोक, एका दिवसाचा प्रश्न आहे."

मी पाक्नेंकडे गेले. ते बाहुल्यांच्या काठ्यांना मेण लावत होते. मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." हे कुठलं बरं ते बावन्न वर्षांत पहिल्यांदाच मला कळलं नाही. मुलाला नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं, हे नंतर उमगलं. तेव्हा नुसतीच चीड आली. नवऱ्याचीसुद्धा. मी म्हटलं, ठीक आहे, मी स्वयंपाकघर बघते. कोंबडी अख्खी शिजवायची असते, नैवेद्य मांडायचा असतो, त्यालाही कुणीतरी लागतंच.

रुवातानच्या दिवशी सकाळी आठला हेंद्रोचा ट्रक आला. अंगणाच्या दोन्ही कडांना कपाटाएवढे स्पीकर एकावर एक चढवले. मंडपात नारळाच्या झावळ्या, केळीचे घड, ऊस, कोरं कापड अशी रीतीची आरास होती. तिच्यामधून काळ्या वायरी सापांसारख्या गेलेल्या. नैवेद्याच्या सुपाला वायर लागू नये म्हणून मी सूप सरकवलं. हेंद्रोच्या माणसाने ते पायाने परत सरकवलं. पायाने.

दहा वाजता गामेलान सुरू झालं. मी पंचवीस वर्षांची असल्यापासून त्या मंडपात ते ऐकलं आहे. ढोल कुठे आहे, घंटा कुठे आहे, डोळे मिटून बोट दाखवीन. त्या दिवशी सगळं एकाच बाजूने येत होतं, कपाटातून. समोर माणूस ठोकतोय आणि आवाज उजवीकडच्या भिंतीतून. ढोलाचा दणका पोटात बसायचा. स्वयंपाकघरात चहाचे पेले बशीवर थरथरत होते. कोंबड्या चिंचेवर चढल्या त्या दुपारपर्यंत उतरल्या नाहीत. किनांती आईच्या छातीत तोंड खुपसून होती. ज्या पोरीला सोडवायचं, तिचेच कान दाबून धरायची पाळी.

मग पाक्नेंनी बाहुल्यांच्या पेटीवर लाकडी ठोकळा ठोकला. वाद्यं बसली. बोलणं सुरू झालं.

मी खोबऱ्याचं दूध पिळत होते. हात थांबला. काहीतरी नव्हतं. आधी कळेना काय नव्हतं. घरातलं घड्याळ बंद पडल्यावर होतं तसं झालं. पाक्ने बोलत होते आणि त्यांच्याखाली जमीनच नव्हती. नुसता आवाज, एकटा, कपाटातून, उघडा. मी दारात आले. वेनिंग गेंदेरमागे ताठ बसली होती, टिपऱ्या मांडीवर, डोळे समोरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर. पडद्यावर टिंबं सरकत होती. पोरगी मन लावून टिंबं वाजवत होती.

पाक्ने बोलता बोलता थांबले. उजवा कान मागे वळवला. थोडी वाट पाहिली. शेवटचं वाक्य पुन्हा म्हटलं. लोकांना वाटलं, विसरले. पुन्हा वाट पाहिली. समोरच्या छोट्या स्पीकरमधून त्यांच्या तोंडावर ढोलाचा घुमारा येत होता, तेवढंच त्यांना ऐकू येत असणार. मग त्यांनी पद उचललं.

सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडला. तीन आणि पाच यांच्या मधे, जिथे काहीच नसतं. पूर्वी असं झालं असतं तर पुढच्या दहा माणसांना कळलं असतं आणि त्यांनी चहाचा घोट घेऊन विसरून टाकलं असतं. आता तो सूर कपाटांनी उचलला आणि तीन गावांना वाटला. गामेलान त्याच्यावर येऊन आदळलं. मागे कुणीतरी हसलं. हेंद्रोने यंत्रावर बोट सरकवलं आणि पाक्नेंचा आवाज आणखी मोठा केला. त्याला वाटलं, ऐकू येत नाहीये म्हणून लोक हसतात.

बावन्न वर्षांत त्या माणसाची मान मी कधी खाली गेलेली पाहिली नव्हती. ती गेली.

मी तशीच ओल्या हातांनी मंडपात गेले. वेनिंगच्या खांद्याला खांदा लावून बसले, ती सरकली. टिपऱ्या घेतल्या. पट्ट्यांवर खोबऱ्याचं दूध लागलं. मी गुणगुण सुरू केली. पाक्नेंना काही ऐकू गेलं नाही. माझ्यासमोर माईक होता, पण माझा आवाज ठरलेल्या पातळीच्या खाली. दार बंद. मी हेंद्रोच्या हिशेबात पंखा आणि किडे यांच्यात जमा. जोरात वाजवलं असतं तर दार उघडलं असतं. पण जोरात वाजवलं तर ती गुणगुण राहत नाही, ते बोलण्यावर बसतं. मी तशीच वाजवत राहिले आणि पाय लांब करून अंगठ्याने पाक्नेंच्या पाठीला टोचलं.

नवऱ्याला पाय लावला, चारशे लोकांसमोर, रुवातानमध्ये. माझी सासू असती तर तिथेच मेली असती.

पाक्नेंनी मागे पाहिलं नाही. त्यांनी ठोकळा उचलला आणि सगळं थांबवायचे ठोके दिले. गामेलान थांबलं. ते ठोके कुणी मोडत नाही, पानावर काहीही लिहिलेलं असो. मग त्यांनी अगदी मऊ भाषेत, जशी राजाशी बोलतात तशी भाषा वापरून, नावाआधी मानाचं 'मास' लावून म्हटलं, "मास हेंद्रो, आपल्याला त्रास नसेल तर ही कपाटं बंद करावीत. काळ म्हातारा आहे, पण बहिरा नाही. बहिरा मी आहे."

लोक हसले. या वेळचं हसणं वेगळं होतं. हेंद्रोने युवोनोकडे पाहिलं, युवोनोने जमिनीकडे. स्पीकर बंद झाले. हेंद्रो म्हणाला, मुद्रण मात्र चालू ठेवतो. पाक्ने म्हणाले, "बरं." हे पहिल्या प्रकारचं होतं.

मग काय झालं ते असं. लोकांनी आपापल्या चटया उचलल्या आणि पुढे आले. म्हाताऱ्या बायका तर पडद्याला टेकल्या. मागच्यांना ऐकू आलं नसेल, ते आले नाहीत, त्यांनी भाताची वाट पाहिली. चिंचेवर कोंबड्या कुरकुरत होत्या. पाक्ने बोलू लागले, मी खाली धरून राहिले, आणि काळाचं जन्मकूळ त्यांनी सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. पद उचललं तेव्हा सूर जागेवर होता, थोडा खरखरीत, एका ठिकाणी श्वास तुटलेला. तुटला तिथे मी एक सूर लांबवला, ते परत आले. किनांतीच्या केसांची बट कापली, सात विहिरींच्या पाण्याने तिला न्हाऊ घातलं. ती रडली नाही. शेजारी बसलेल्या वेनिंगने लॅपटॉप केव्हा मिटला ते मला कळलंही नाही.

त्या रात्री मला वाटलं, झालं. जे हवं होतं ते झालं, आणि यंत्रात ते आहे.

ईदनंतर युवोनो मुद्रण घेऊन आला. हेंद्रोही आला होता, मिठाईचा डबा घेऊन. चकचकीत वेष्टन, त्यावर पाक्नेंचा तरुणपणचा फोटो. गेंदेर: वेनिंग, असं छापलेलं. ते सोडून देऊ. पाक्नेंच्या कानांना मोठे हेडफोन लावले आणि दुसरे मला दिले.

आवाज स्वच्छ होता. हेंद्रो बरोबर बोलला होता. चटया नाहीत, कोंबड्या नाहीत, माणसं नाहीत, पोर नाही. पाक्नेंची खरखर पुसलेली. जिथे श्वास तुटला होता तिथे दुसरीकडचा तुकडा आणून सांधलेला. सूर दोन पट्ट्यांच्या मधे पडला होता तो ओढून सरळ उभा केलेला, आणि तो आमच्या पट्टीवर नाही, लॅपटॉपच्या. दात टाकल्यासारखा. थांबवायचे ठोके कापलेले, काळ बहिरा नाही हे वाक्य कापलेलं. आणि बोलण्याखाली काही नाही. पूर्ण कोरं. माझे हातभर अंतरावरचे दोन तास त्याने खसखस म्हणून झाडून टाकले होते. पण पानाशी मात्र ते आता तंतोतंत जुळत होतं. जिथे टिंब, तिथे शांतता.

मेलेल्या माणसाला पावडर लावून, गालांना रंग लावून बसवतात, तसं ते मला वाटलं. आणि हा माणूस तर माझ्या शेजारी जिवंत बसलेला.

पाक्नेंनी शेवटपर्यंत ऐकलं. हेडफोन काढून नीट घडी केल्यासारखे मांडीवर ठेवले. म्हणाले, "छान गातो. कोण हा दालांग?"

युवोनो हसला. त्याला वाटलं, बाप चेष्टा करतोय.

"चांगला आहे," पाक्ने पुढे म्हणाले. "बिचाऱ्याची बायको वारलेली दिसते."

मी हेंद्रोला विचारलं, आधीचं कुठे आहे, न धुतलेलं, कोंबड्यांसकट? ते मला दे, हे तू ठेव. हेंद्रोने मान खाजवली. म्हणाला, म्बाह, ते फार जागा खातं, पक्कं काम झालं की कच्चं पुसून टाकतो आम्ही, सगळेच टाकतात. त्याने हे असं सांगितलं, जसं ताटं धुतल्यावर खरकटं टाकलं म्हणून सांगावं. त्याच्या आवाजात जराही वाईटपणा नव्हता. त्याचीच मला सगळ्यात जास्त किळस आली. मी मिठाईचा डबा उघडला नाही. दुसऱ्या दिवशी मुंग्यांनी उघडला.

वेनिंगला युवोनोने काही सांगितलं असावं. ती महिन्याभराने सायकलवर आली, लॅपटॉप आणला नव्हता. ओट्यावर पाक्ने नेहमीसारखे बसून कुणाकुणाच्या उखाळ्यापाखाळ्या काढत होते, तांदळाच्या व्यापाऱ्याच्या, सरपंचाच्या. ती गेंदेरमागे बसली आणि त्यांच्या त्या बोलण्याखाली गुणगुणायला लागली. पहिल्या दिवशी पाक्नेंनी तिला तीनदा थांबवलं. म्हणाले, तू माझ्या पुढे चालतेस पोरी, मला ढकलतेस. ती दर गुरुवारी येत राहिली, दीड वर्ष. शेवटी शेवटी तिची गुणगुण चालू आहे हे ते विसरून जायचे. शिकली होती. पण ती कुणाच्या मागे बसणार? तिचा नवरा बँकेत होता.

एकदा तिने छापलेली पानं आणली, संग्रहात ठेवायची प्रत. म्हणाली, म्बाह, इथे काय लिहू? मी तिच्याकडून पेन घेतलं आणि टिंबांच्या पहिल्या ओळीवर माझ्या वाकड्या अक्षरात लिहिलं, इथे बायको वाजवते. बाकीच्या पानांवर तिनेच लिहिलं, माझा हात दुखायला लागला म्हणून. संस्थेने ती प्रत ठेवली की टाकली, माहीत नाही. मुद्रण मात्र ठेवलं आहे. मुलं त्यावरून शिकतात असं युवोनो सांगतो. मागच्या वर्षी एका नव्या दालांगाचा खेळ ऐकला. तो बोलत होता तेव्हा गेंदेरवाली हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि लोकांना ते नेहमीचंच वाटत होतं.

पाक्ने गेले तेव्हा युवोनोने ते मुद्रण अंगणात लावायचं म्हटलं, आलेल्या लोकांसाठी. मी वायर काढून घेतली आणि तिच्यावर बसले. वेनिंगने गेंदेर वाजवलं, बोलणारं कुणी नसताना.

अत्मो सुतिक्नो, दालांग, माझा नवरा, सन २०१६च्या फेब्रुवारी महिन्यात, अकरा तारखेला, गुरुवारी, आमच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या लेगीच्या दिवशी, पहाटे आमच्या घरी वारले. वय ऐंशी पूर्ण होतं.